कन्सोलवर बसण्याआधी

मेनफ्रेमवरच्या एखाद्या व्हर्च्युअल मशीनचे नेटवर्क तुटले की सगळ्यांचे लक्ष पलीकडच्या टोकाकडे जाते. माझे सांगणे असे की आधी आपल्या टोकाची लाइन बघावी. कोकणातल्या आंजर्ल्यात बसून हे काम करणाऱ्याला ते वेगळे शिकवावे लागत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने इथल्या आगरांतले माड आणि पोफळी आडव्या केल्या, घरांवरची कौले नेली, विजेचे खांब पाडले. दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावर वीज परत यायला कित्येक आठवडे गेले. पुढे तारा नव्याने ओढल्या गेल्या, इंटरनेटही आले. पण आषाढातला वारा सुटला की आमच्या पाखाडीतली लाइन अजूनही जाते आणि येते.

माझे काम झेड-व्हीएमचे. आयबीएमने ऑगस्ट १९७२ मध्ये व्हीएम/३७० जाहीर केले, त्याच घराण्यातली ही आजची प्रणाली. एका यंत्राच्या पोटात शेकडो लिनक्स सर्व्हर चालतात. त्यांना आम्ही गेस्ट म्हणतो आणि त्या सगळ्यांवर देखरेख करणाऱ्या प्रोग्रामला सीपी. गावातली माणसे विचारतात, मेनफ्रेम अजून असतात का? असतात. बँकांचे मोठमोठे व्यवहार आजही त्यांच्यावर चालतात, म्हणूनच रात्री-अपरात्री फोन येतात.

२०२१ च्या पावसाळ्यातला फोन असाच. शनिवारी ठरल्याप्रमाणे देखभाल झाली होती, झेड-व्हीएम नव्याने सुरू केले होते. रविवारी रात्री पुण्याहून पाळीवरच्या सहकारिणीने सांगितले, "दादा, एक गेस्ट पिंगला उत्तरच देत नाहीये. बाकीचे सगळे ठीक आहेत." नेटवर्क नसले तरी त्या गेस्टच्या आत हिशेबाचे एक लांबलचक काम चालू होते. ते काम स्थानिक डिस्कवरचा डेटा वाचत होते, त्यामुळे बाहेरचा संपर्क तुटूनही ते थांबलेले नव्हते.

एसएसएच बंद असेल तर गेस्टमध्ये शिरायचा दुसरा रस्ता म्हणजे ३२७० टर्मिनलवरून थेट त्याच्या कन्सोलवर लॉगऑन होणे. आमच्याकडची लेखी पद्धतही तीच होती. मी लॉगऑन झालो, दोन आज्ञा दिल्या आणि बाहेर वीज गेली. राउटर बंद पडला. मोबाइलचा टॉवरही थोड्या वेळाने गप्प झाला. पुन्हा संपर्क होईपर्यंत पुण्याहून निरोप आलेला होता की तो गेस्ट आता यादीतच दिसत नाही. हिशेबाचे काम अर्धवट मेले होते.

असे का झाले, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. टर्मिनलची लाइन तुटली की सीपी त्या युजरला डिस्कनेक्ट करते आणि मुदत मोजू लागते. या सेटिंगचे नाव डिस्कनेक्ट-टाइमआउट. कोणी बदलले नसेल तर मुदत १५ मिनिटे. तेवढ्यात कोणी परत जोडले गेले नाही, तर सीपी त्याला लॉगऑफ करते. टर्मिनलपुढे बसून काम करणाऱ्या माणसासाठी हा नियम रास्तच आहे. पण आपण गेस्टच्या नावाने लॉगऑन होतो तेव्हा तो युजर म्हणजेच अख्खा सर्व्हर असतो. त्याला लॉगऑफ करणे म्हणजे चालत्या सर्व्हरची वायर उपटणे. आंजर्ल्यातल्या एका फीडरच्या बिघाडाने शेकडो मैलांवरचा धडधाकट सर्व्हर बंद पडला तो असा.

म्हणून ज्यांच्याकडे लिनक्स गेस्ट आहेत त्यांनी सिस्टिम कॉन्फिग या फाइलमधल्या फीचर्स विधानात डिस्कनेक्ट-टाइमआउट 'ऑफ' आहे का, हे आजच बघावे. तिथे ते लिहिलेले नसेल तर वरचा प्रसंग तुमच्याकडे अजून घडायचा बाकी आहे, एवढेच.

त्याच जातीचे आणखी दोन धोके आहेत. कन्सोलवरून निघताना 'डिस्क' म्हणजे डिस्कनेक्ट द्यायचे असते, 'लॉगऑफ' नव्हे. थकलेल्या माणसाची बोटे सवयीने लॉगऑफ टाइप करतात आणि सर्व्हर जातो. दुसरे असे की गेस्टवर 'सेट रन ऑन' दिलेले नसेल, तर आपण जोडले जाताच पडद्याच्या कोपऱ्यात सीपी रीड दिसते आणि 'बिगिन' देईपर्यंत गेस्ट जागच्या जागी थांबतो. बघायला गेलो आणि सर्व्हर गोठला, असे होते. रन ऑन हे गेस्टच्या सुरुवातीच्या प्रोफाइलमध्येच लिहून ठेवावे.

खरे तर बहुतेक वेळा गेस्टच्या कन्सोलवर बसण्याची गरजच नसते. पुरेसे अधिकार असलेल्या वेगळ्या युजरवरून 'सेट सेकयूजर' देऊन स्वतःला त्या गेस्टचा दुय्यम युजर करून घ्यावे. मग डिस्कनेक्टेड गेस्टच्या कन्सोलवरचा मजकूर आपल्या पडद्यावर येतो आणि 'सेंड'ने त्याला आज्ञाही देता येतात. आपली लाइन तुटली तर आपला युजर पडेल, गेस्टला धक्का लागणार नाही. कोकणात, विदर्भात, कुठेही डळमळीत लाइनवरून काम करणाऱ्यांनी हीच वाट धरावी, असे मी आग्रहाने सांगतो.

आता मूळ बिघाडाकडे. तो गेस्ट पुण्याहून पुन्हा उठवला तरी नेटवर्क आले नाही, आणि येणार नव्हतेच. सर्व्हर बंद करून चालू करणे हा आपल्याकडचा पहिला उपाय असतो. इथे त्याने काही हाती लागत नाही. उलट एखादे एनआयसी, म्हणजे नेटवर्क कार्ड, चालू गेस्टवर आज्ञेने जोडलेले असेल तर लॉगऑफबरोबर तेही नाहीसे होते आणि आधी काय होते याचा पुरावाच उरत नाही.

झेड-व्हीएममध्ये गेस्टला मिळते ते नेटवर्क कार्ड आभासी असते. लिनक्सला ते लागोपाठच्या तीन पत्त्यांचे उपकरण दिसते: ६००, ६०१, ६०२, एक वाचायला, एक लिहायला, एक डेटासाठी. हे कार्ड व्हीस्विच या आभासी स्विचला जोडलेले असते आणि व्हीस्विच ओसा नावाच्या खऱ्या कार्डातून बाहेरच्या केबलला. एवढ्या साखळीत कडी कुठे तुटली ते लिनक्सला आतून नीट दिसत नाही. म्हणून प्रश्न आधी सीपीला विचारायचे.

पहिला प्रश्न 'क्वेरी एनआयसी', तपशिलासह, त्या गेस्टचे नाव देऊन. कार्ड आहे का, आणि ते कोणत्या स्विचला जोडलेले आहे? आमच्याकडे कार्ड होते, पण कशालाच जोडलेले नव्हते. दुसरा प्रश्न 'क्वेरी व्हीस्विच', ॲक्सेसलिस्टसह. त्या यादीत या गेस्टचे नाव नव्हते. बिघाड सापडला. व्हीस्विचला जोडून घ्यायला गेस्टकडे परवानगी लागते. तिला ग्रँट म्हणतात. पूल होण्याआधी हर्णैकडून आंजर्ल्याला येणारा माणूस खाडीच्या काठापर्यंत पोचला तरी पलीकडे नेणारी होडी मिळाल्याशिवाय गावात पोचत नसे, तसे कार्ड आणि आयपी पत्ता दोन्ही बरोबर असूनही ग्रँटवाचून गेस्ट काठावरच राहतो. ही परवानगी काही महिन्यांपूर्वी कोणीतरी चालू प्रणालीवर आज्ञेने दिली होती. आज्ञेने दिलेले झेड-व्हीएम पुन्हा सुरू होईपर्यंतच टिकते. इतके महिने सगळे सुरळीत चालले आणि शनिवारी ते पुसले गेले. जोडणी नाकारल्याचा संदेश गेस्ट उठताना कन्सोलवर उमटतो, पण आपोआप उठणाऱ्या गेस्टच्या कन्सोलपुढे कोणी नसते.

उपाय दोन ओळींचा: 'सेट व्हीस्विच'ने ग्रँट द्यायची आणि गेस्टकडून 'कपल' करवून घ्यायचे. सर्व्हर थांबवायची गरज नाही. रात्रीचे ते काम आधीच मेले होते याची मला आजही हळहळ वाटते, कारण हे दोन प्रश्न विचारायला त्या कन्सोलवर बसणे मुळीच आवश्यक नव्हते.

कार्ड जोडलेले दिसले आणि तरी पिंग होत नसेल, तर त्याच व्हीस्विचवरच्या शेजारच्या गेस्टला पिंग करून बघा. शेजारी बोलतो पण बाहेर जाता येत नाही, असे असेल तर दोष ओसा, त्यापलीकडचा खरा स्विच किंवा व्हीस्विच सांभाळणारे कंट्रोलर यांच्यात. डीटीसीव्हीएसडब्ल्यू१ आणि २ ही कंट्रोलर मशीन उठलेली आहेत का, ते बघायला लोक हमखास विसरतात. शेजारीही बोलत नसेल तर दोष आपल्याच अंगणात: व्हीएलएएन क्रमांक चुकला आहे, किंवा व्हीस्विच इथरनेट पद्धतीचा आणि लिनक्सची मांडणी आयपी पद्धतीची झाली आहे. दोन्हीकडे एकच पद्धत लागते. गेस्टची नक्कल करून नवा बनवला असेल तर आयपी पत्ता दोघांना एकच राहिला नाही ना, तेही पाहावे. दोन झेड-व्हीएम एकाच नेटवर्कवर असतील तर त्यांचे मॅकप्रीफिक्स वेगळे हवेत.

सर्वांत फसवा बिघाड एमटीयूचा, म्हणजे पॅकेटच्या कमाल आकाराचा. पिंग चालते, लॉगइनही होते, मोठी फाइल पाठवली की सगळे गोठते. अशा वेळी तुकडे करू नका असे सांगून १४७२ बाइटचे पिंग पाठवावे. शीर्षकांचे २८ धरून ते बरोबर १५०० होते. ते अडले तर वाटेत कुठेतरी आकार जुळत नाही. जंबो फ्रेम चालू केलेल्या जागी हे फार होते.

दुरुस्ती झाल्यावर काम अर्धेच झालेले असते. दिलेली ग्रँट सिस्टिम कॉन्फिगमध्ये 'मॉडिफाय व्हीस्विच' म्हणून लिहायची असते. नव्या आवृत्त्यांत ती गेस्टच्या डिरेक्टरीतल्या एनआयसीडेफ ओळीतूनही देता येते, आणि मला तीच जागा अधिक पटते, कारण गेस्ट आणि त्याची परवानगी एका ठिकाणी राहतात. लिनक्सच्या आतही तोच प्रश्न असतो: 'आयपी' आज्ञेने दिलेला पत्ता पुढच्या बूटला जातो, 'सीएचझेडडेव्ह'ने नोंदवलेले उपकरण टिकते. सिस्टिम कॉन्फिग बदलताना मूळ फाइलची प्रत जपून ठेवा आणि नव्या फाइलवर 'सीपीसिंटॅक्स' चालवल्याशिवाय ती जागेवर ठेवू नका. त्या फाइलमधली चूक पुढच्या वेळी झेड-व्हीएम उठतानाच समोर येते. आमच्याकडे आता देखभालीच्या आदल्या दिवशी प्रत्येक व्हीस्विचची ॲक्सेसलिस्ट काढून कॉन्फिग आणि डिरेक्टरीशी ताडून पाहतात, आणि त्या यादीची छापील प्रत माझ्या पडवीतल्या टेबलावर असते, कारण वीज गेल्यावर फोनवरून पुण्याला सांगता येते ते कागदावरचेच.