दारावरच्या कॅमेऱ्याची बॅटरी

प्रश्न : दारावरच्या वाय-फाय कॅमेऱ्याची बॅटरी फार लवकर उतरते. दिवसभरात येणारे मोजकेच, मग असं का? – एक वाचक, घाटकोपर

उत्तर : बॅटरी खातं ते वाट पाहणं. राउटर साधारण दर १०२.४ मिलिसेकंदांनी हाकारा देतो. आपल्यासाठी डेटा थांबलाय का, हे ऐकायला कॅमेऱ्याला वारंवार जागं व्हावं लागतं. घाटकोपरच्या खेटून उभ्या इमारतींत शेजाऱ्यांच्या राउटरांचीही गर्दी, त्यामुळे जागरण लांबतं. वाय-फाय ६ मधल्या ‘टार्गेट वेक टाइम’मुळे राउटर आणि कॅमेरा दोघं मिळून उठायची वेळ आधीच ठरवतात. अर्थात झोप लांबली, की मोबाइलवर चित्र उशिरा उघडेल. ही सोय दोन्ही उपकरणांत हवी. नुसता राउटर बदलून पैसे घालवू नका. तूर्त २.४ गिगाहर्ट्‌झवर १, ६, ११ पैकी कमी गर्दीचं चॅनेल निवडा.