इंटरनेट फोनवर आवाज तुटतोय? प्लॅन बदलण्याआधी हे तपासा

"सर, १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे, तरी कस्टमर म्हणतो ऐकू येत नाही, परत बोला." हा प्रश्न नेहमीचाच. ऑर्डर फोनवर घेणाऱ्याला हे महागात पडतं, म्हणून लोक लगेच ३०० चा प्लॅन घ्यायला निघतात. जरा थांबा! एका कॉलला साधारण १०० केबीपीएससुद्धा लागत नाही. दहा जण एकदम बोलले तरी १ एमबीपीएसच्या आसपास. म्हणजे दुखणं बहुतेक वेळा स्पीडचं नसतंच.

तुमचा आवाज छोट्या पॅकेटमध्ये जातो, साधारण दर २० मिलिसेकंदाला एक. एखादं फार उशिरा आलं तर फोन ते टाकून देतो. यूट्यूब पुढचा व्हिडिओ आधीच साठवून ठेवतं, म्हणून तो छान चालतो. बोलण्यात तेवढी सवड नसते.

आता तपासणी. फोन वाय-फायवर असेल तर लॅनची केबल लावून बोलून बघा. सुधारला? चोर सापडला. नाही सुधारला तर कॉम्प्युटरवरून आधी राउटरला पिंग करा, मग गूगलच्या ८.८.८.८ ला, दोन-तीन मिनिटं तरी. केबलवर राउटरपर्यंतचे आकडे १-२ मिलिसेकंदाला स्थिर हवेत. तिथेच उड्या मारत असतील तर बिघाड ऑफिसातच आहे. फक्त बाहेरचे आकडे नाचत असतील तर सीसीटीव्हीचं क्लाउड रेकॉर्डिंग, ड्राइव्हचा बॅकअप थोडा वेळ बंद करून परत बघा. अपलोड भरला की समोरच्याला तुम्ही तुटक ऐकू येता, तुम्हाला तो स्वच्छ ऐकू येतो! अशा वेळी बॅकअप रात्री लावा, आणि राउटरमध्ये क्यूओएस असेल तर फोनला पहिला नंबर द्या. तरीही फरक नाही? मग पिंगच्या आकड्यांचा फोटो प्रोव्हायडरला पाठवा. नुसतं "नेट स्लो आहे" म्हणालात तर तो स्पीड टेस्ट दाखवून मोकळा होतो.

एकाच बाजूचा आवाज येतो, किंवा कॉल दर वेळी अर्ध्या मिनिटाने कटतो? राउटरमधलं एसआयपी एएलजी बंद करून बघा. मदतीसाठी दिलेली ही सेटिंग बऱ्याच राउटरमध्ये उलट घोळच घालते.

स्वतःचाच आवाज परत ऐकू येत असेल तर दोष बहुधा समोरच्याच्या स्पीकरचा. त्याला हेडफोन लावायला सांगा.

आणि हो, लाइट गेली की हा फोनही गेला. राउटर यूपीएसवर ठेवताना भिंतीवरचा फायबरचा डबा वेगळा असेल तर तोही त्यावरच लावा.