दोन अक्षरं गळाली तर

प्रश्न : माझी भाची अमेरिकेत असते. तपासणीआधीच्या फॉर्मवर तिला विचारलं होतं, 'आजी-आजोबांपैकी कुणी अश्केनाझी ज्यू आहे का?' स्तनाच्या कर्करोगाचा वंशाशी काय संबंध? मग आपल्याकडेही जात-पोटजात विचारायची का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : त्या फॉर्मला धर्माशी देणंघेणं नाही, पूर्वजांशी आहे. अश्केनाझी म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंचे वंशज. (आपल्या कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे 'शनिवार तेली', त्यांत येत नाहीत.) मध्ययुगात हा समाज अगदी लहान होता आणि सोयरीक आपसातच व्हायची. त्या थोड्या पूर्वजांच्या जनुकांत असलेल्या चुका समाजाबरोबर वाढत गेल्या. बीआरसीए-1 आणि बीआरसीए-2 या जनुकांतली तीन ठरावीक म्युटेशन्स मिळून आज त्यांच्यात साधारण 40 जणांमागे एकाकडे सापडतात. आइसलँडमध्येही हाच प्रकार, पण तिथे बीआरसीए-2 मधलं एकच म्युटेशन असा आनुवंशिक कर्करोग असलेल्या बहुतेक घराण्यांत दिसतं.

अश्केनाझींच्या त्या तीन म्युटेशन्समधलं एक जवळून पाहू. जनुकातला मजकूर पेशी तीन-तीन अक्षरांनी वाचते. बीआरसीए-1 च्या सुरुवातीलाच 'ए' आणि 'जी' ही दोन अक्षरं गळतात, पुढची सगळी त्रिकं सरकतात आणि 39 व्या त्रिकापाशीच 'थांबा' अशी खूण उमटते. 1863 अमिनो आम्लांचं प्रथिन तिथेच तुटतं. डीएनएची दुरुस्ती करणं हे त्या प्रथिनाचं काम. ते नीट झालं नाही की कर्करोगाला वाट मिळते.

गंमत म्हणजे हेच म्युटेशन भारतातही सापडलं आहे. एका भारतीय कुटुंबात त्याच्या आजूबाजूचा जनुकीय मजकूर तपासला, तर तो अश्केनाझींशी जुळला नाही. म्हणजे तीच चूक इथे वेगळी, स्वतंत्रपणे झालेली. म्युटेशन कुणा एका समाजाच्या मालकीचं नसतं, ते असं.

आता जातीचं. आपल्याकडेही लग्नं शतकानुशतकं जातीतच होत आली, त्यामुळे एखाद्या समाजात एखादं म्युटेशन जास्त असणं शक्य आहे. पण अश्केनाझींसारखी तीन नावांची आटोपशीर यादी आपल्यासाठी नाही. म्हणून जात विचारून भागत नाही, दोन्ही जनुकं सबंध वाचावी लागतात. त्यातही अडचण अशी, की तुलनेसाठीची माहिती बरीचशी युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. त्यामुळे भारतीय रिपोर्टवर 'अर्थ अनिश्चित' असा शेरा वारंवार येतो. अशा शेऱ्यावर विसंबून कुणी शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ नये.

स्तनाच्या कर्करोगातले साधारण 5 ते 10 टक्केच आनुवंशिक असतात, तेव्हा सरसकट चाचणीची घाई नको. घरात कमी वयात स्तनाचा कर्करोग, अंडाशयाचा कर्करोग किंवा एखाद्या पुरुषाला स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर मात्र जनुकीय समुपदेशकाला भेटा. आणि आत्या, चुलत बहिणी यांचीही चौकशी करा. हे बिघडलेलं जनुक वडिलांकडूनही तितक्याच शक्यतेने येतं.