परसातील कोंबड्या आणि हिवाळ्याची पूर्वतयारी

कला शाखेच्या विद्यार्थ्याने कोंबड्यांवर लेख लिहावा, याचे काही वाचकांस नवल वाटेल. हा विषय कृषी महाविद्यालयाचा, असेही कोणी म्हणेल. परंतु आपल्यापैकी पुष्कळजण निफाड, सिन्नर, चांदवड या बाजूच्या खेड्यांतून येतात आणि त्यांतील अनेकांच्या परसात पाच-दहा गावठी कोंबड्या असतातच. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे. घराच्या जमाखर्चात कोंबड्यांचे स्थान काय, हे पाहू लागलो तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. शेताचा, गाईचा, द्राक्षबागेचा हिशेब घरातील पुरुष मांडतात; कोंबड्यांचा हिशेब मात्र कोणत्याच वहीत नसतो. तो घरातील बाईच्या डोक्यात आणि पदराच्या गाठीत असतो. मीठ-मिरची, पाहुण्याच्या हातावर ठेवायचे दहा-वीस रुपये, मुलांच्या वह्या हे सारे त्यातून निघते. म्हणूनच एखाद्या हिवाळ्यात खुराडे रिकामे झाले, तर त्या नुकसानीची नोंदही कोठे होत नाही.

हिवाळ्यात कोंबड्या मेल्या की आपल्याकडे "थंडी बाधली" असे म्हणण्याचा प्रघात आहे. हे निदान बहुतेक वेळा चुकीचे असते आणि चुकीच्या निदानामुळे उपायही उलटा होतो, हे या लेखात सांगावयाचे आहे.

थंडी आणि कोंबडीचे शरीर

निफाडची थंडी प्रसिद्ध आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदलेला पारा हिवाळ्यात वृत्तपत्रांतून छापून येतो. काही वर्षी तो चार-पाच अंशांच्याही खाली उतरतो आणि बागाईतदार द्राक्षबागांतून शेकोट्या पेटवतात. अशा रात्री उघड्यावर बसलेली कोंबडी पाहून कोणालाही कीव यावी. तथापि पूर्ण पिसे आलेली, पोटभर खाल्लेली कोंबडी ही थंडी सोसू शकते. तिच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्यापेक्षा चार अंशांनी अधिक असते. पिसे फुलवली की त्यांच्या थरांत हवा अडकते आणि ही कोंडलेली हवा गोधडीचे काम करते. चोच पंखांत आणि पाय पोटाच्या पिसांत घेऊन ती रात्र काढते.

मात्र ही गोधडी कोरडी हवी. ओल्या पिसांत हवा राहत नाही व ऊब टिकत नाही. कोंबडीला घाम येत नाही; तिच्या शरीरातील पाणी श्वासावाटे आणि विष्ठेवाटे बाहेर पडते. ताज्या विष्ठेत सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असते. आठ-दहा कोंबड्या रात्रभर बंद खुराड्यात असल्या, तर पहाटे छताच्या पत्र्यावर आतून थेंब लोंबताना दिसतात. हीच ओल खाली टपकते, विष्ठा कुजू लागते आणि तिच्यातून अमोनिया वायू निघतो. हा वायू डोळ्यांना झोंबतो व श्वासनलिकेचे आतले अस्तर दुखावतो. मग सर्दी, घरघर आणि श्वसनाचे जुनाट विकार यांना वाट मोकळी होते. ओल्या गादीत रक्ती हगवणीचे जंतूही माजतात.

म्हणजे थंडीच्या भीतीने आपण खुराड्याची प्रत्येक फट गोणपाटाने आणि प्लास्टिकने बुजवतो, तेव्हा थंडीपेक्षा मोठे संकट आपणच आत कोंडतो.

खुराडे कसे असावे

वाऱ्याचा झोत आणि हवेचा पालट या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कोंबडीच्या अंगावर थेट येणारा झोत अडवावा. तिच्या डोक्यावरून, छपराच्या लगत दमट हवा बाहेर जाण्यास मात्र वाट असावी. आपल्याकडे हिवाळी वारा प्रायः उत्तरेकडून व ईशान्येकडून येतो. तेव्हा त्या बाजूची भिंत बसण्याच्या दांडीच्या वरपर्यंत बंद असावी आणि दार पूर्वेला किंवा दक्षिणेला, जेथे सकाळचे ऊन येईल तेथे असावे. छपराखाली चार बोटांची फट जाळी लावून मोकळी ठेवावी. जाळी बारीक व पक्की हवी. मुंगूस आणि रानमांजर यांस लहानशी वाटही पुरते.

खुराडे जमिनीपासून फूट-दीड फूट उंच असल्यास ओल चढत नाही. जमिनीवरच असेल, तर तळाशी भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा तीन-चार इंच पसरावा. इगतपुरीकडच्या भातगिरण्यांतून तूस मिळते. ही गादी दर एक-दोन दिवसांनी काठीने खालीवर करावी, ओला झालेला भाग काढून टाकावा आणि मधूनमधून थोडा चुना मिसळावा. बसण्याची दांडी दोन इंच रुंद व वरून सपाट असावी, म्हणजे बोटे पिसांखाली झाकली जातात.

सर्व ठीक आहे की नाही, याची परीक्षा सोपी आहे. पहाटे दार उघडताच आपले डोके कोंबड्यांच्या उंचीला नेऊन श्वास घ्यावा. डोळे चुरचुरले, तर वरची वाट अपुरी आहे. उबेसाठी पेटती शेगडी बंद खुराड्यात ठेवण्याचा प्रकार काही ठिकाणी पाहण्यात येतो. तो टाळावा. कोळशाच्या विषारी वायूने सबंध कळप रात्रीत जाऊ शकतो, आगीचे भय वेगळेच.

अंडी का कमी होतात

मार्गशीर्ष-पौषात अंडी कमी होतात, याचाही दोष थंडीला दिला जातो. वास्तविक मुख्य कारण उजेडाचे आहे. उजेड कोंबडीच्या डोळ्यांतून, तसेच कवटीतून थेट मेंदूपर्यंत पोहोचतो आणि त्यावर अंडाशयाचे काम अवलंबून असते. भरपूर अंडी घालण्यास दिवसाकाठी १४ ते १६ तास उजेड लागतो. आपल्या अक्षांशावर जूनमधील मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, तर २१-२२ डिसेंबरचा दिवस अकरा तासांहून किंचित कमी असतो. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, ही म्हण खरीच. पण तांबडे उशिरा फुटू लागले की कोंबडी अंडी घालणे आवरते, हेही तितकेच खरे.

दुसरे कारण पिसे गळण्याचे. पावसाळा सरता सरता जुनी पिसे गळून नवी येतात. पीस हे बहुतांशी प्रथिनाचेच बनलेले असते. या काळात खाल्लेले सारे पिसांकडे जाते व अंडी थांबतात. तेव्हा आश्विन-कार्तिकात भुईमुगाची किंवा सोयाबीनची पेंड थोडी वाढवावी. नवी पिसे लवकर भरली, तर थंडीपूर्वी कोंबडीचा सदरा तयार होतो.

दिवा लावावा काय? वर्षाला पन्नास-साठ अंडी देणाऱ्या गावठी कोंबडीसाठी विजेचा खर्च परवडत नाही. तिला हा विसावाच हितावह आहे. ऱ्होड आयलंड रेड किंवा ग्रामप्रियासारख्या अधिक अंडी देणाऱ्या जाती असतील, तर एक लहान दिवा पहाटे लावावा. सायंकाळी लावून एकाएकी मालवला, तर कोंबड्या दांडीवर न बसता अंधारात चाचपडत राहतात.

दाणापाणी

थंडीत शरीराची ऊब राखण्यास अधिक अन्न लागते, आणि नेमक्या याच दिवसांत किडे व कोवळे गवत कमी होते. म्हणून मावळतीपूर्वी प्रत्येक कोंबडीमागे एक लहान मूठ मका, बाजरी किंवा गव्हाची कणी घालावी. गळ्याची पिशवी भरून बसलेली कोंबडी रात्रभर दाणे पचवते आणि त्या पचनातूनच तिला ऊब मिळते. कोंबडी खाद्याच्या साधारण दुप्पट पाणी पिते. रात्रीचे गार पडलेले पाणी ती टाळते आणि पाणी कमी झाले की खाणेही कमी होते. पहाटे विहिरीचे ताजे पाणी हवेपेक्षा कोमट असते, तेच द्यावे. शिंपल्यांचा चुरा एका पसरट भांड्यात वेगळा ठेवावा, कारण अंड्याचे कवच बहुतांशी चुनखडीचेच असते. कोपऱ्यात कोरडी माती आणि राख ठेवल्यास कोंबड्या तीत अंग घोळवून उवा-पिसवा झाडतात.

रवण बसविण्याचा हंगाम

हिवाळा हा केवळ संकटाचा काळ नव्हे. उन्हाळ्यात साठवलेली अंडी उबवण्यापूर्वीच बिघडतात. थंडीत ती आठवडाभर चांगली टिकतात. शिवाय कार्तिक-मार्गशीर्षात निघालेली पिले वैशाखाच्या उन्हापूर्वी मोठी होतात. म्हणून खुडूक कोंबडी बसविण्यास हे दिवस उत्तम. एरवी बारा अंडी ठेवत असाल, तर थंडीत नऊ-दहाच ठेवावीत, म्हणजे कडेची अंडी उघडी पडत नाहीत. २१ दिवसांनी पिले निघतात. त्यांच्या अंगावर केवळ लव असते, ऊब धरणारी पिसे नसतात. पहिल्या आठवड्यात त्यांना सुमारे ३५ अंश ऊब लागते. पुढे ती दर आठवड्यास दोन-तीन अंशांनी कमी चालते. आईच्या पंखाखाली हे आपोआप होते. पण कोंबडी पहाटेच चरावयास निघाली, की दवाने भिजलेली पिले मागे पडतात. तेव्हा पहिले तीन आठवडे ऊन चांगले वर येईपर्यंत मायलेकरे डालग्याखालीच असावीत. थंडी खरोखर जीव घेते ती या वयात.

मानमोडी

आता मुख्य शत्रूविषयी. आमच्या वस्तीवरील एका आजींनी दोन वर्षांपूर्वी आठवडे बाजारातून दोन तलंगा आणल्या आणि त्याच सायंकाळी जुन्या कोंबड्यांत सोडल्या. आठवडा उलटला नाही तोच कोंबड्या पंख पाडून बसू लागल्या, हिरवट हगवण लागली, एकीची मान वाकडी झाली. पाच दिवसांत अकरा कोंबड्या गेल्या. शेजाऱ्यांनी थंडी बाधली असे ठरविले. पुढल्या वर्षी आजींनी खुराडे अधिकच घट्ट बुजवले. लस मात्र टोचली नाही. अंड्यांच्या पैशांतून त्या नातीच्या वह्या-पुस्तकांचा खर्च भागवीत. त्या वर्षी तो उसनवारीने भागवावा लागला.

ही लक्षणे मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची. १९२६ साली हा रोग इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे नोंदला गेला. लवकरच तो आपल्याकडे कुमाऊंतील राणीखेत येथे आढळला, आणि एका रम्य गिरिस्थानाचे नाव रोगाला कायमचे चिकटले. मोठ्या कोंबड्यांस टोचावयाची 'आर-टू-बी' लस ज्या विषाणूपासून करतात, त्यास 'मुक्तेश्वर' असेही नाव आहे. मुक्तेश्वरही कुमाऊंतच आहे.

या रोगावर औषध नाही. प्रतिबंध हाच उपाय. पिलांच्या डोळ्यांत किंवा नाकात पहिल्या आठवड्यात 'लासोटा' लसीचा थेंब आणि साधारण आठव्या आठवड्यात 'आर-टू-बी' टोचणे, हा रूढ क्रम आहे. थंडीपूर्वी, लसीच्या आधी आठवडा-दोन आठवडे, जंताचे औषध द्यावे. नवी आणलेली कोंबडी किमान दोन आठवडे वेगळी ठेवावी.

थंडीतच दूरदेशीचे पक्षी नांदूरमध्यमेश्वरच्या जलाशयावर उतरतात. बर्ड फ्लूचा विषाणू रानबदकांतून पसरू शकतो. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूर येथे आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे त्याने कोंबड्या मेल्या होत्या. म्हणून जलाशयाकाठच्या घरांनी कोंबड्या तेथे पाण्यावर सोडू नयेत. एकाएकी अनेक कोंबड्या मेल्यास त्या उघड्यावर फेकू अथवा विकू नयेत. पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

आपण काय करू शकतो

लस महाग नाही. मग ती टोचली का जात नाही? माझ्या मते याचे उत्तर हिशेबात आहे. लसीच्या एका कुपीत शंभर किंवा त्याहून अधिक मात्रा असतात. ती बर्फात आणावी लागते आणि द्रावण केल्यावर तास-दोन तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्या असलेल्या बाईने ही कुपी एकटीने का आणावी? उरलेल्या मात्रा वायाच जाणार. मात्र वस्तीवरील पंधरा घरे एका सकाळी एकत्र आली, तर हीच कुपी पुरते. एकेकटीला न परवडणारी गोष्ट सहकाराने परवडते, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतोच.

राष्ट्रीय सेवा योजनेचे आपले शिबिर हिवाळ्यात दत्तक गावी भरते. तोवर वेळ निघून गेलेली असते. तेव्हा दिवाळीच्या सुट्टीपूर्वीच चार-पाच विद्यार्थ्यांनी त्या गावी जाऊन कोणत्या घरी किती कोंबड्या आहेत याची यादी करावी आणि पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून दिवस ठरवावा. लस टोचण्याचे काम जाणकार करतील. कोंबड्या सकाळी खुराड्यातून सुटण्याआधी धरून देणे, बर्फाचा डबा वाहणे, आजारी कोंबडी बाजूस काढणे आणि घरोघर नोंद ठेवणे ही कामे आपली. ही नोंद घरातील बाईच्या नावाने करावी, एवढीच माझी सूचना आहे. कोंबड्या तिच्या आहेत, आणि कोठल्या तरी वहीत त्या तिच्या नावावर लागावयास हव्यात.