ग्रंथ कोणास सांगावा?

सद्ग्रंथाचे वाचन हे जसे साधनेचे अंग आहे, तसेच आपण वाचलेला सद्ग्रंथ दुसऱ्यास सांगणे हेही ज्ञानदानाचेच अंग होय. मात्र दान म्हटले की पात्राचा विचार ओघाने येतोच. अन्नदान करणारा गृहस्थ तान्ह्या मुलास आणि नांगर धरणाऱ्या पुरुषास एकच घास देत नाही. ग्रंथाच्या बाबतीत मात्र हा विवेक पुष्कळदा सुटतो. 'हा ग्रंथ फार चांगला आहे, अवश्य वाचा,' असे आपण सहज बोलून जातो. या वाक्यात ग्रंथाची स्तुती असते. ज्यास तो सांगितला त्याचा विचार नसतो.

सोलापूरसारख्या नगरात हा प्रश्न विशेष स्पष्ट होतो. येथे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा घराघरांतून बोलल्या जातात. विणकराचे घर, व्यापाऱ्याची पेढी आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्याची खोली एकाच वस्तीत असू शकतात. या सर्वांस एकच ग्रंथ सांगणे म्हणजे बहुतेकांस काहीच न सांगण्यासारखे आहे. म्हणून ग्रंथ सांगण्यापूर्वी कोणता विचार करावा, हे येथे पाहावयाचे आहे.

भास्करभट्टांचा ग्रंथ आणि गुरुबंधूंचे मत

या विषयाचे अत्यंत बोधप्रद उदाहरण महानुभाव वाङ्मयाच्या इतिहासातच आहे. भास्करभट्ट बोरीकर हे मोठे पंडित आणि कवी. पंथात ते कवीश्वर या नावाने ओळखले जातात. त्यांनी 'शिशुपाळवध' हा १०८७ ओव्यांचा काव्यग्रंथ रचला. तो पूर्ण झाल्यावर गुरुबंधूंपुढे आला. परंपरा असे सांगते की, ग्रंथ उत्तम उतरला आहे हे त्यांनी मोकळ्या मनाने मान्य केले. परंतु त्यातील शृंगाराकडे पाहता संसारात असलेल्या रसिकास तो शोभेल, निवृत्तिमार्गाने निघालेल्या साधकाच्या उपयोगी पडणार नाही, असेही स्पष्ट सांगितले.

या अभिप्रायात दोन गोष्टी वेगळ्या ठेवलेल्या आहेत. ग्रंथ कसा आहे, ही पहिली. आणि तो कोणासाठी आहे, ही दुसरी. पहिलीचे उत्तर अनुकूल आले म्हणून दुसरीचे उत्तर दडपले नाही. दुसरीचे उत्तर प्रतिकूल आले म्हणून पहिली नाकारलीही नाही. कवीचे मन राखण्यासाठी नुसती वाहवा करणे सोपे होते. परंतु त्या स्तुतीच्या भरवशावर एखाद्या नवख्या साधकाने तो ग्रंथ हाती घेतला असता, तर त्याची वाट चुकण्याचा संभव होता. तो दोष मग स्तुती करणाऱ्याकडे आला असता.

भास्करभट्टांनीही या मताचा राग धरला नाही. भागवताच्या एकादश स्कंधावर त्यांनी ८२७ ओव्यांची 'उद्धवगीता' रचली. तीत वैराग्य आणि भक्ती हाच विषय आहे. विशेष हे की, 'शिशुपाळवध' टाकून दिला गेला नाही. पुढे पंथाने ज्या साती ग्रंथांस मान दिला, त्यांत 'शिशुपाळवध' आणि 'उद्धवगीता' हे दोन्ही आहेत. एखादा ग्रंथ अमुक वाचकास न सांगणे म्हणजे त्या ग्रंथाचा अव्हेर करणे नव्हे, हे यावरून सिद्ध होते.

भाषेचा अधिकार

दुसरे उदाहरण श्रीनागदेवाचार्यांचे. केशिराजबास हे संस्कृतचे गाढे विद्वान. ते संस्कृतात ग्रंथरचना करू लागले, तेव्हा आचार्यांनी त्यांस थांबविले. कारण पंथातील वृद्ध स्त्रिया त्या ज्ञानास मुकल्या असत्या. येथे रचनेच्या गुणाविषयी शंका नव्हती. ग्रंथ ज्यांच्यापर्यंत पोहोचावयाचा, त्यांना तो उलगडेल काय, एवढाच प्रश्न होता. त्या म्हाताऱ्यांचे हित आचार्यांना पंडिताच्या कीर्तीपेक्षा मोठे वाटले. ज्ञानदान करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने हे मनात धरण्यासारखे आहे.

सोलापूरचे एक उदाहरण

हाच विवेक अर्वाचीन काळात सोलापुरातील एका जैन सत्पुरुषाच्या कार्यात दिसतो. सोलापुरास अशा कार्याची परंपरा आहे. १८८४ साली हिराचंद नेमचंद दोशी यांनी 'जैन बोधक' हे मासिक काढले. त्यांच्या नावाचे वाचनालयही या नगरात आहे. पुढे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांना १९४० च्या सुमारास असे वाटू लागले की, न्यायाने मिळविलेले आपले धन धर्म आणि समाज यांच्या उन्नतीस लावावे. धन देणारे पुष्कळ असतात. परंतु जीवराजजींनी धन देण्यापूर्वी विचारले. देशभर हिंडून त्यांनी विद्वानांची मते प्रत्यक्ष भेटीत आणि लेखी स्वरूपात गोळा केली. १९४१ च्या उन्हाळ्यात नाशिकजवळच्या गजपंथ या सिद्धक्षेत्री विद्वान एकत्र आले, तेथे चर्चा झाली, आणि तीतून जैन संस्कृती संरक्षक संघ उभा राहिला. त्यासाठी त्यांनी प्रथम ३०,००० रुपये दिले; १९४४ साली आपली सुमारे २ लाखांची सर्व संपत्ती विश्वस्त निधी म्हणून अर्पण केली. १९५७ साली त्यांचे देहावसान झाले.

या संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेत प्रथम आला तो यतिवृषभाचार्यांचा 'तिलोयपण्णत्ति' हा प्राचीन ग्रंथ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये आणि हिरालाल जैन यांनी संपादिलेला त्याचा पहिला भाग १९४३ साली निघाला. मूळ ग्रंथ प्राकृत. म्हणून त्यासोबत हिंदी अनुवाद देण्यात आला. ज्यास प्राकृत येते त्याच्यासाठी मूळ, ज्यास येत नाही त्याच्यासाठी अनुवाद! १९४९ साली त्याच मालेत कृष्णकांत हंदिकी यांचा 'यशस्तिलका'वरील प्रबंध इंग्रजीत प्रसिद्ध झाला. तो संशोधकांसाठी होता. पुढे मराठी ग्रंथही निघाले. वाचक वेगळा, म्हणून भाषाही वेगळी. संप्रदाय भिन्न असला तरी वृद्ध स्त्रियांची काळजी वाहणाऱ्या आचार्यांचाच न्याय येथे लागू झालेला दिसतो.

ग्रंथालयशास्त्राचे आचार्य शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली जे पाच नियम मांडले, त्यांतील दोन असे की, प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ मिळावा आणि प्रत्येक ग्रंथास त्याचा वाचक मिळावा. गुरुबंधूंनी 'शिशुपाळवधा'विषयी जो निवाडा केला, तो या दोन नियमांपाशीच येऊन पोहोचतो.

आजची जबाबदारी

पूर्वी महानुभाव पोथ्या सकळ आदी सांकेतिक लिप्यांत लिहिल्या जात. कोणी काय वाचावे हे गुरू ठरवीत आणि लिपी त्याचे रक्षण करी. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी या लिपीचा उलगडा केला. पुढे ग्रंथ छापले गेले आणि सर्वांच्या हाती आले. ज्ञान मोकळे झाले, हे उत्तमच झाले. परंतु वाचकाचा अधिकार पाहून ग्रंथ देण्याचे जे काम गुरू करीत, त्याचा काही भार आता सहवाचकावर आला आहे. 'हे वाचा' असे म्हणणारा मनुष्य, त्याला जाणीव असो वा नसो, त्या क्षणी दुसऱ्याच्या वाटेचा दिशादर्शक होतो.

म्हणून काही नियम पाळावेत. पहिला, जो ग्रंथ स्वतः पूर्ण वाचला नाही तो सांगू नये. दृष्टांतपाठात हत्ती आणि जात्यंध यांचा दृष्टांत आहे. एकच प्रकरण वाचून सबंध ग्रंथाविषयी बोलणारा त्या आंधळ्यांच्याच पंक्तीस बसतो. दुसरा, ग्रंथाचे नाव घेण्यापूर्वी समोरच्याची भाषा, वय, सवड आणि पूर्वीचे वाचन विचारावे. तिसरा, क्रम सांगावा. नवख्यास एकदम सूत्रपाठ दिला तर सूत्रांची घनता त्यास भेदत नाही आणि आपणच मंदबुद्धी आहोत असे वाटून तो कायमचा दूर जातो. त्यास आधी लीळाचरित्रातील लीळा वाचावयास सांगाव्यात. मग ११४ दृष्टांतांचा दृष्टांतपाठ द्यावा. त्यात सूत्रास दृष्टांताची आणि केशिराजबासांच्या दार्ष्टांतिकाची जोड असल्यामुळे अर्थ हाती लागतो. त्यानंतर सूत्रपाठ घ्यावा. चौथा, ज्यास डोळ्यांनी दिसत नाही किंवा वाचता येत नाही त्यास ग्रंथाचे नाव सांगून थांबू नये. जवळ बसून चार पाने वाचून दाखवावीत. पाचवा, ग्रंथाची उणीवही सांगावी. कठीण भाग कोठे आहे हे आधी कळले म्हणजे वाचक तेथे खचत नाही.

आणि ग्रंथ दिल्यावर काही दिवसांनी 'वाचलात काय?' असे विचारण्याऐवजी 'कोठे अडलात?' असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने वाचक संकोचतो. दुसऱ्याने त्याचे मन उघडते. तो म्हणाला की हा ग्रंथ मला मानवला नाही, तर ते मत भास्करभट्टांप्रमाणे शांतपणे ऐकावे आणि दुसरा ग्रंथ शोधावा.

मननासाठी

१. 'चांगला ग्रंथ' आणि 'योग्य ग्रंथ' यांत भेद कोणता?
२. 'शिशुपाळवधा'विषयीच्या अभिप्रायाने कवीचे, ग्रंथाचे आणि साधकाचे हित कसे साधले?
३. आपण अलीकडे कोणास कोणता ग्रंथ सांगितला? तो सांगताना त्याचा विचार केला की केवळ आपल्या आवडीचा?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने एकांतात स्वतःशीच द्यावे. ते प्रामाणिकपणे दिले म्हणजे पुढील ग्रंथ कोणास सांगावा, हे आपोआप उमगू लागेल.