नवतप्यातला गेमिंग कॉम्प्युटर

यूट्यूबवर पाहून आय9-14900के प्रोसेसर घ्यायचं ठरवलंय. परीक्षणात खेळताना तापमान 72 अंश दाखवलं. आमच्याकडे उन्हाळ्यात चालेल ना? मॉनिटर साधा फुल एचडी आहे. (विद्यार्थी, घुग्घुस)

त्या 72 अंशांवर विसंबू नका. असली परीक्षणं बहुधा 21 ते 25 अंशांच्या एसी खोलीत होतात. पंखा असो की पाण्याचं कूलिंग, प्रोसेसरची उष्णता शेवटी खोलीतल्याच हवेत सोडली जाते. त्यामुळे प्रोसेसरचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक त्याची स्वतःची वाढ. 23 अंशांच्या खोलीत 72 दिसलं, तर वाढ 49 अंशांची. मे महिन्यात बाहेर पारा 45-46 वर जातो आणि स्लॅबखालची तुमची खोली 42 अंशांवर असते, तेव्हा तोच आकडा 91 होतो. हा प्रोसेसर पूर्ण ताणात 253 वॉटपर्यंत ओढतो आणि 100 अंशांना टेकला की स्वतःचा वेग कमी करतो. म्हणजे ज्या वेगासाठी पैसे मोजले, तोच नवतप्यात, ऐन कडक उन्हाच्या दिवसांत, मिळणार नाही.

आपल्या भागात सुटे भाग निवडताना आधी वॉट बघावेत, असं माझं ठाम मत आहे. फुल एचडी मॉनिटरसाठी रायझेन 5 7600 भरपूर आहे; त्याची मर्यादा 88 वॉटची. सोबत 115 वॉटचं आरटीएक्स 4060 घेतलं, तर खेळताना अख्खं मशीन साधारण 250 वॉटच्या आत राहतं. जेवढे वॉट मशीन ओढतं, तेवढी उष्णता तुमच्याच खोलीत साचते, हेही लक्षात घ्या. प्रोसेसरच्या डब्यात येणारा छोटा पंखा पुण्यात चालेल; इथे चार हीट पाइपांचा, 120 मिमी पंख्याचा टॉवर कूलर लावा. एसएमपीएस चांगल्या कंपनीचा, 550 वॉटचा घ्या. त्यातले कपॅसिटर 10 अंश गार राहिले तर साधारण दुप्पट टिकतात, म्हणून इथे काटकसर नको.

कॅबिनेटचा दर्शनी भाग जाळीचा हवा. काचेचा दिसायला देखणा, पण हवा अडवतो. समोर आत ओढणारे दोन पंखे, मागे बाहेर फेकणारा एक. आत येणारी हवा जास्त असली की फटींमधून धूळ शिरत नाही, ती फिल्टरवरच अडते. घुग्घुसच्या कोळशाची आणि सिमेंटची धूळ किती बारीक असते, हे तुम्हाला सांगायला नको. उन्हाळ्यात फिल्टर दर आठवड्याला धुऊन, पूर्ण वाळवून लावा. महिन्यातून एकदा मशीन बंद करून ब्लोअर मारा, तेव्हा पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. हवेच्या झोताने ती बेफाम फिरली तर बेअरिंग खराब होतं.

मुलगा दुपारभर गेम खेळतो आणि कूलरचं तोंड थेट कॅबिनेटकडे करून ठेवतो. पाण्यामुळे बिघाड होईल का? (गृहिणी, बल्लारपूर)

ताई, कूलर लावणं योग्यच आहे. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत तो खोली आठ-दहा अंशांनी सहज उतरवतो. एवढा फायदा महागड्या पंख्यांनीही होत नाही. फक्त तोंड थेट मशीनकडे नको. खसमधून उडणारे बारीक थेंब आत गेले तर शॉर्ट होऊ शकतो, आणि पाण्यातले क्षार वाळून पांढरे थर धरतात ते वेगळंच. कूलर पाच-सहा फुटांवर, बाजूला ठेवा आणि समोरची खिडकी उघडी असू द्या, नाहीतर खोलीत नुसती दमट हवा कोंडते. पाऊस लागला की पंप बंद करून नुसता पंखा चालवा. दमट हवेत कूलर गारवा देत नाही, ओल वाढवतो.

मुलाला दोन गोष्टी करायला सांगा: गेमची फ्रेम मर्यादा मॉनिटरच्या रिफ्रेश रेटएवढी ठेवणं, आणि ग्राफिक्स कार्डची पॉवर लिमिट 80 टक्क्यांवर आणणं. वेगात थोडाच फरक पडतो, उष्णता मात्र बरीच घटते. दुपारी एक ते पाच मशीनला आणि मुलालाही विश्रांती दिलेली बरी.

लिक्विड कूलिंग घ्यावं का? लाइनचा भरवसा नाही. (शिक्षक, भामरागड)

गुरुजी, घेऊ नका. पर्लकोटा नदीला पूर आला की आल्लापल्लीचा रस्ता बंद होतो. त्या दिवसांत लिक्विड कूलरचा पंप गेला, तर मशीन झाकून ठेवावं लागेल. टॉवर कूलरमध्ये बिघडण्यासारखा एक पंखाच असतो. एक जादा 120 मिमी पंखा आणि थर्मल पेस्टची नळी पावसाळ्यापूर्वीच आणून ठेवा.

यूपीएस 1000 व्हीएचा, शुद्ध साइन वेव्ह देणारा घ्या. वीज गेली तर तो काम सेव्ह करून मशीन बंद करण्यापुरता वेळ देईल. त्याआधी अर्थिंग तपासून घ्या, कारण अर्थिंग नसेल तर स्पाइकगार्ड नावालाच उरतो. वीज कडाडू लागली की प्लग काढाच, आणि इंटरनेटची तांब्याची केबल असेल तर तीही काढा. विजेचा झटका त्या वाटेनेही मदरबोर्डपर्यंत पोचतो. शाळेच्या सुट्टीत मशीन बंद राहणार असेल, तर पावसाळ्यात दोन-तीन दिवसांआड अर्धा तास चालवा. आतली ऊब ओल धरू देत नाही.