गढूळ पाण्यापासून राष्ट्रीय प्रयोगशाळांपर्यंत

पावसाळ्यात नदीचे पाणी गढूळ झाले, की घरातील वडीलधारी मंडळी हंड्यात तुरटीचा खडा फिरवतात, हे तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिले असेल. खडा चार-दोनदा फिरवायचा आणि हंडा रात्रभर झाकून ठेवायचा. सकाळी पाहावे तो वर नितळ पाणी आणि तळाशी गाळ! हे कसे घडते? आणि या साध्या प्रश्नाचा आपल्या देशातील राष्ट्रीय प्रयोगशाळांशी काही संबंध आहे, असे कोणी सांगितले तर तुम्हाला खरे वाटेल का?

संबंध आहे. तो डॉ. शांतिस्वरूप भटनागर या रसायनशास्त्रज्ञाच्या आयुष्यातून जातो. पण ती हकीकत समजण्यासाठी आधी थोडे रसायनशास्त्र पाहू.

गढूळ पाणी गढूळच का राहते?

गढूळ पाण्यातील चिकणमातीचे कण फार बारीक असतात. त्यांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. सगळ्यांवर एकाच जातीचा भार असल्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात, जवळ येऊन मोठे होत नाहीत आणि म्हणून लवकर तळाशीही बसत नाहीत. अशा मिश्रणाला ‘कलिल’ म्हणतात. दूध, शाई, रक्त ही सारी कलिलेच आहेत.

तुरटी पाण्यात विरघळली, की तिच्यातून ॲल्युमिनियमचे आयन सुटे होतात. प्रत्येक आयनावर तीन धनभार असतात. ते मातीच्या कणांवरील ऋणभार नाहीसा करतात. दूर लोटणारे बलच उरले नाही, की कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि खाली बसतात. या क्रियेला ‘साकळणे’ म्हणतात. मिठानेही हेच काम होते; परंतु मिठातील सोडियमच्या आयनावर एकच धनभार असतो, म्हणून मीठ पुष्कळ जास्त लागते. आता ही गोष्ट लक्षात ठेवा: क्षार मिसळले, की चिखलाचे कलिल साकळते.

लाहोरचे प्राध्यापक

भटनागर यांचा जन्म 21 फेब्रुवारी 1894 रोजी पंजाबातील भेरा या गावी झाला. हे गाव आता पाकिस्तानात आहे. ते आठ महिन्यांचे असतानाच वडील वारले आणि ते आजोळी वाढले. आजोबा अभियंता होते. लाहोरला शिक्षण घेऊन पुढे ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्रा. डोनान यांच्या हाताखाली गेले आणि 1921 साली डी. एस्‌सी. झाले. त्यांचा विषय होता तेल आणि पाणी यांची पायसे, म्हणजे पुन्हा कलिलांचेच एक भावंड.

परत आल्यावर तीन वर्षे बनारस हिंदू विश्वविद्यालयात आणि 1924 पासून लाहोरच्या पंजाब विद्यापीठात ते प्राध्यापक होते. लाहोरला त्यांनी पदार्थांच्या चुंबकीय गुणांवरून त्यांची रासायनिक रचना ओळखण्याचे काम केले. 1928 मध्ये त्यांनी आणि के. एन. माथुर यांनी त्यासाठी एक अतिशय संवेदनशील तराजू तयार केला. चुंबकीय क्षेत्रात पदार्थ किंचितसा हलला, तरी ती हालचाल या तराजूत प्रकाशाच्या पट्ट्यांवरून मोजता येई. लंडनच्या ॲडम हिल्गर कंपनीने तो तराजू विक्रीला आणला. भारतीय प्रयोगशाळेत जन्मलेले उपकरण परदेशी कंपनीने विकावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

अटकचा चिखल

याच सुमारास रावळपिंडीजवळ अटक ऑईल कंपनी खनिज तेलासाठी खोल विहिरी खणत होती. अशा विहिरीत खोदण्याच्या पोकळ नळीतून पातळ चिखल सतत खाली सोडतात. तो खालच्या पात्याला थंड ठेवतो आणि दगडाचा चुरा बरोबर घेऊन नळीच्या बाहेरच्या बाजूने वर येतो. चिखल वाहता असेल तरच काम चालते.

अटकला अडचण आली ती अशी. जमिनीच्या पोटात मिठाचे थर लागले. मीठ चिखलात मिसळले, की चिखल घट्ट होई आणि पुढे दगडासारखा कडक होऊन बसे. खोदकाम ठप्प! कारण काय, ते तुम्ही आता सांगू शकाल: मिठामुळे चिखलाचे कलिल साकळत होते.

भटनागरांनी प्रश्नाचे हे मूळ बरोबर हेरले. त्यांनी उपाय सुचवला तो एका भारतीय डिंकाचा. डिंकाने चिखलाचा दाटपणा कमी झाला आणि मीठ आले तरी तो साकळेनासा झाला. डिंकाचे रेणू मातीच्या कणांभोवती जणू एक पांघरूण घालतात आणि त्यांना एकमेकांना चिकटू देत नाहीत.

दीड लाखाचा प्रश्न

कंपनीला या उपायाचे इतके मोल वाटले, की तिच्याशी संबंधित लंडनच्या स्टील ब्रदर्स यांनी पेट्रोलियमवरील संशोधनासाठी भटनागरांना दीड लाख रुपये देऊ केले. त्या काळातले दीड लाख! भटनागरांनी ती रक्कम स्वतःकडे न घेता विद्यापीठामार्फत द्यावी असे सांगितले. त्यातून पंजाब विद्यापीठात पेट्रोलियम संशोधनाचा विभाग उभा राहिला.

इथे क्षणभर थांबा. भटनागर अजून प्राध्यापकच होते. कोणतेही सरकारी पद त्यांच्याकडे नव्हते. परंतु हा निर्णय परीक्षानळीतला नव्हता. संशोधनाचा पैसा कोणाच्या हाती असावा? एका माणसाच्या की संस्थेच्या? तो आजचा एक प्रश्न सोडवण्यात खर्चावा, की उद्याचे प्रश्न सोडवणारी माणसे घडवण्यात? अशा प्रश्नांची उत्तरे ठरवणे म्हणजेच विज्ञानाचे धोरण आखणे.

प्रयोगशाळेतून कचेरीत

1939 साली दुसरे महायुद्ध सुरू झाले. परदेशातून येणारा माल अनिश्चित झाला आणि भारतातच वस्तू तयार करण्याची निकड सरकारला भासू लागली. 1940 मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन मंडळ स्थापन झाले आणि भटनागर त्याचे संचालक झाले. वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी त्यांनी लाहोरची प्रयोगशाळा सोडली. मंडळाने वनस्पती-तेलांपासून इंधने व वंगणे, गणवेशांसाठी रंग अशी अनेक कामे हाती घेतली.

पण भटनागरांना एक उणीव दिसली. प्रयोगशाळेत लागलेला शोध कारखान्यापर्यंत पोहोचवायचा कोणी? त्यांच्या आग्रहावरून 1941 साली त्यासाठी वेगळी समिती नेमली गेली. शोध वापरणाऱ्या उद्योगांनी स्वामित्वधन द्यावे आणि ते पुन्हा संशोधनाच्याच निधीत जावे, अशी व्यवस्था ठरली. त्याच वर्षी नोव्हेंबरात मध्यवर्ती विधिमंडळात सर रामस्वामी मुदलियार यांनी औद्योगिक संशोधनासाठी पाच वर्षे दरसाल दहा लाख रुपयांची मागणी मांडली. 26 सप्टेंबर 1942 रोजी वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद, म्हणजे आजची सी. एस. आय. आर., अस्तित्वात आली.

स्वातंत्र्यानंतर पंडित नेहरू परिषदेचे अध्यक्ष झाले आणि प्रयोगशाळांची मालिकाच उभी राहू लागली. पुण्यात पाषाणच्या रस्त्याने गेलात, तर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची भव्य वास्तू दिसेल. तिचे उद्घाटन 3 जानेवारी 1950 रोजी नेहरूंच्या हस्ते झाले. तिचे पहिले संचालक मॅकबेन हे साबणाच्या द्रावणांवरील संशोधनासाठी प्रसिद्ध होते. म्हणजे तेही कलिलांचेच अभ्यासक! त्याच महिन्यात दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा सुरू झाली. जमशेदपूरला धातू, म्हैसूरला अन्न, लखनौला औषधे, कलकत्त्याला काच व सिरॅमिक अशा प्रयोगशाळा पाठोपाठ आल्या. 1 जानेवारी 1955 रोजी भटनागर निवर्तले, तोपर्यंत सुमारे बारा प्रयोगशाळा त्यांच्या हातून उभ्या राहिल्या होत्या.

काय मिळाले, काय गेले?

या मार्गाची किंमतही मोजावी लागली. चुंबकीय तराजूसमोर बसण्याचे दिवस जवळजवळ संपले. सकाळ-संध्याकाळ बैठका, अंदाजपत्रके, इमारती आणि नेमणुका. संशोधक म्हणून त्यांनी आणखी काय शोधले असते, हे आता कोणालाही सांगता येणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर होता. प्रसिद्ध पदार्थवैज्ञानिक डॉ. मेघनाद साहा यांना वाटे, की संशोधनाचा पैसा आणि चांगली माणसे स्वतंत्र प्रयोगशाळांकडे गेली, तर विद्यापीठे दुबळी होतील. जिथे विद्यार्थी शिकतात तिथेच संशोधन व्हायला हवे, हे त्यांचे म्हणणे. साहा आणि भटनागर दोघेही मोठे वैज्ञानिक, दोघांनाही देशाचे हित हवे. तरी मार्गाबद्दल मतभेद. लाहोरला दीड लाख रुपये विद्यापीठाकडे वळवणाऱ्या भटनागरांनीच पुढे विद्यापीठांबाहेर प्रयोगशाळा उभारल्या, हेही ध्यानात घ्या. मात्र 1953 साली स्थापन झालेल्या विद्यापीठ अनुदान मंडळाचे पहिले अध्यक्षही तेच होते.

प्रयोगाचा निष्कर्ष चुकला, तर प्रयोग पुन्हा करता येतो. धोरणाच्या प्रयोगाला वीस-तीस वर्षे लागतात आणि त्यात माणसांची आयुष्ये खर्ची पडतात. म्हणूनच धोरण ठरवणाऱ्यांत स्वतः प्रयोग केलेली, स्वतः चुकलेली आणि चूक सुधारलेली माणसे असावी लागतात. भटनागरांनी प्रयोगशाळा सोडली खरी. परंतु अडचण आली की तिचे मूळ शोधायचे, ही प्रयोगशाळेची सवय त्यांनी सोबत नेली. अटकला चिखल का अडतो हे त्यांनी पाहिले; पुढे शोध कारखान्यापर्यंत पोहोचताना कुठे अडतो, तेही त्यांनी तसेच पाहिले.

घरी करून पाहा

चिकणमाती पाण्यात ढवळा, जाड कण खाली बसू द्या आणि वरचे गढूळ पाणी तीन पेल्यांत सारखे ओता. पहिला पेला तसाच ठेवा. दुसऱ्यात चमचाभर मीठ विरघळवा. तिसऱ्यात आधी बाभळीच्या डिंकाचे दाटसर पाणी दोन-तीन चमचे मिसळा आणि मग तेवढेच मीठ घाला. तिन्ही पेले न हलवता ठेवा आणि दर तासाने पाहून नोंद करा. कोणता पेला आधी नितळतो? माती आणि डिंक यांचे प्रमाण बदलून पुन्हा पाहा. गावोगावची माती वेगळी असते, तेव्हा तुमचे निष्कर्ष मित्रांच्या निष्कर्षांशी ताडून पाहा.

आणि वर्गात चर्चा करा: तुमच्या शाळेला विज्ञानासाठी दहा हजार रुपये मिळाले, तर एक चांगले उपकरण घ्याल, की प्रत्येक विद्यार्थ्याला हाताळता येईल असे साधे साहित्य? कारणांसह उत्तर लिहा. दोन्ही बाजूंना बोलण्यासारखे पुष्कळ आहे, हे तुमच्या लवकरच लक्षात येईल.